खाडीच्या बांधावरचा निवडुंग

त्र्यंबक दामले मॅट्रिक झाले होते, मोडी मोत्यासारखी लिहीत होते, आणि म्युनिसिपालिटीच्या कचेरीत त्यांच्या वाट्याला आला होता फड्या निवडुंग. ताप या झुडपांतूनच पसरतो असं वरच्यांचं मत पडलं, म्हणून ठाणे गावातला निवडुंग समूळ काढायचा. अठराशे त्र्याऐंशीपासून दामले कोयतेवाल्या मजुरांमागे उन्हात फिरत होते. नौपाड्यातली कुंपणं तोडली, तळ्याकाठची तोडली, गाड्यांच्या गाड्या खाडीच्या बांधापलीकडे नेऊन टाकल्या. पावसाळा सरला की तोडल्या जागी हिरवे पंजे पुन्हा वर.

घरी त्यांच्या पत्नी गोदूबाई धोतरातले काटे वेचून वैतागल्या होत्या. "नोकरी आहे की प्रायश्चित्त?" त्यांनी एकदा विचारलं. दामल्यांनी दुसरं धोतर पुढे केलं.

पंच्याऐंशीच्या चैत्रात तक्रार आली, की बांधालगत थेरेसा नावाच्या विधवेनं वांग्या-मिरच्यांच्या वाडीला निवडुंगाचं कुंपण केलंय. दामले तणतणत गेले.

"हे कुणाला विचारून लावलंत, बाई?"

"मी कशाला लावू? तुमीच टाकलंत इथं. दोन पावसांत उगवलं. तवापासून म्हशी आत येत नाहीत."

मजूर तोंड फिरवून हसू लागले. दामल्यांनी चिडून स्वतःच एक फडा धरून ओढला, आणि तळहातात केसांसारखी बारीक कुसं शेकड्यानं घुसली.

थेरेसानं त्यांना ओट्यावर बसवलं. क्रुसापुढची मेणबत्ती आणून मेण तळहातावर ओतलं. ते गार होईतो हलायची सोय नव्हती, म्हणून दामले समोर बघत राहिले. कुंपणभर पिवळी फुलं होती, पाकळ्या रेशमासारख्या पातळ, आत मधमाश्या लोळत होत्या.

"दिवस कलला की तांबूस होतात," थेरेसा कुसांसकट मेण सोलताना म्हणाली. "मागनं लाल बोंडं येतात. त्यांचं सरबत करते मी."

दोन वर्षं हेच तोडत होतो आणि फूल एकदाही नीट पाहिलं नाही, याचा दामल्यांना आणखीच राग आला. ते उठले.

"गावाची हद्द कुठवर?" त्यांनी मजुरांना विचारलं.

एकानं बांधाकडे बोट केलं. वाडी पलीकडे होती.

"मग हे आधी सांगता येत नाही? चला."

पुढे चार वर्षं ते याच कामावर राहिले, कुरकुरतच. मात्र चैत्रात एक संध्याकाळ ते एकटेच बांधावर जात. एकदा रुमालात जपून एक फूल घरी आणलं. गोदूबाईंनी ते उजेडात धरून बराच वेळ पाहिलं.

"छान आहे," त्या म्हणाल्या. "पण रुमाल तुमचा तुम्ही धुवा."