पानावर पगार

शेठला मी माफ केलेलं नाही आणि करणारही नाही. इतकी वर्षं झाली, आता सोडून दे, असं घरचे म्हणतात. का म्हणून सोडू? त्याने माझ्या डोक्याची किंमत कागद हातात तोलून ठरवली होती.

परभणीच्या एका जिनिंग फॅक्टरीत मी कॉम्प्युटरवर कामाला होते. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतरावरून अधूनमधून बंद पुकारले जायचे, त्या काळातली ही गोष्ट. औरंगाबादला राहून मी प्रोग्रामिंगचा कोर्स केला होता आणि जिंतूरहून रोज एस्टीने जात-येत होते. मोंढ्यात, म्हणजे परभणीच्या धान्य-कापसाच्या बाजारात, पहिला कॉम्प्युटर आपलाच, याचा शेठला कोण अभिमान! त्या खोलीत एसी होता, चपला बाहेर काढाव्या लागत. कापसाचे व्यापारी आले की शेठ त्यांना दारातूनच यंत्राचं दर्शन घडवायचा. मी खुर्चीत बसलेली असायचे, पण माझी ओळख कधी करून दिली नाही.

पगार महिना चारशे, हुद्दा टायपिस्ट. शेठच्या गाडीच्या ड्रायव्हरला माझ्यापेक्षा जास्त मिळायचे. बंदमुळे एस्टी निघाली नाही की माझा त्या दिवसाचा पगार कापला जायचा, त्याचा कापत नसत, कारण तो फॅक्टरीतच राहायचा. वडील शाळेत कारकून. त्यांनी मला स्पष्ट सांगून टाकलं होतं, "संक्रांतीपर्यंत बघ. परभणीत खोली करून राहण्याइतका पगार झाला तर कर नोकरी. न्हाई तर घरी बस, आमी स्थळं बघायला लागतो." ते काही वाईट माणूस नव्हते. चारशेतले निम्मे एस्टीतच जायचे, हे त्यांना दिसत होतं.

म्हणून शेठने मजुरांच्या पगाराचा प्रोग्राम लिहायला सांगितला तेव्हा मला आनंद झाला. त्याचे पैसे वेगळे देतो म्हणाला. गाठी बांधणारे, सरकी उचलणारे, कापूस वेचून साफ करणाऱ्या बाया, प्रत्येकाचा दर वेगळा, उचल वेगळी. तीन आठवडे डोकं चालवून मी असा हिशेब बसवला की माणूस कुठलाही असो, एकाच नियमातून त्याचा पगार निघावा. छापून काढला तर सात पानं भरली. मला त्या सात पानांचा फार अभिमान वाटला होता.

शेठने ती पानं तळहातावर घेतली आणि कापसाचा नमुना बघावा तशी वरखाली केली.

"एवढंच? तीन आठवडे काय करायलीस मग?"

"चालतंय बघा शेठजी. सगळ्यांचा पगार निघतोय."

"निघतोय गं. पण काम तर दिसाया पाहिजे." मग त्याने मुनीमजींकडे पाहिलं. "कोर्टासमोरचे टायपिंगवाले पानाचे दोन रुपये घेतात. हिला दहा द्या. लेक आपलीच हाय."

हातात सत्तर रुपये पडले. 'लेक आपलीच हाय' हे तीन शब्द मला त्या सत्तर रुपयांपेक्षा जास्त झोंबले.

पुढच्याच महिन्यात यंत्र तपासायला पुण्याहून एक साहेब आले. दिवसाला तीनशे रुपये. लॉजचं भाडं वेगळं, जेवणाला शेठच्या घरून श्रीखंड, आणि पँटच्या इस्त्रीचे पैसेसुद्धा फॅक्टरीनेच दिले. माझा प्रोग्राम पाहून ते शेठसमोर म्हणाले, "सुरेख लिहिलंय. मला इतकं आटोपशीर जमलं नसतं." शेठ मान डोलवत राहिला. ते गेल्यावर मी धीर करून विचारलं, त्यांना दिवसाचे तीनशे, मग मला महिन्याचे चारशे का?

शेठला माझा राग आला नाही, त्याला हसू आलं. "तो पुण्याहून आलाय. विंग्रजी फाडफाड बोलतोय. घरी बायकोपोरं हायेत त्याला. तुला काय, तुझा बाप खाऊ घालतोय. आणि तो न्हाई म्हणला तर दुसरा कुठून आणू? तू कुठं जाणार हायेस?"

आमच्या धंद्यात पगार कशावर ठरतो हे पुढे लोकांनी मला पुष्कळ समजावून सांगितलं. शेठने ते एका दमात सांगून टाकलं होतं. गाव, इंग्रजी, बाईमाणूस की बाप्या, आणि सोडून जाण्याची सोय. कामाचं नाव त्यात कुठेच नव्हतं. परतीच्या एस्टीत मी जिंतूर येईपर्यंत धुमसत होते. पानावर पगार म्हणतोस ना, मग पानंच घे, असं मी ठरवलं.

दसऱ्यानंतर कापसाचा हंगाम सुरू झाला, दर बदलले, आणि शेठने नवा प्रोग्राम मागितला. या वेळी मी एक नियम सगळ्यांना लावला नाही. प्रत्येक मजुराचा हिशेब वेगळा लिहिला, एकेकाला एकेक पान. दीडशेच्या वर मजूर, दीडशेच्या वर पानं. हिशेब पैशापैशाला बरोबर होता, गरिबाचा एक रुपया इकडचा तिकडे झाला नाही. तो गठ्ठा दोन्ही हातांनी उचलताना शेठचा चेहरा फुलून आला.

"याला म्हणावं काम! आता कशी रुळायलीस!"

दीड हजारावर रुपये त्याने हसत मोजले. दिवाळीनंतर दर पुन्हा बदलले, म्हणजे सगळी पानं पुन्हा बदलली आणि पैसे पुन्हा मिळाले. नवा मजूर लागला की नवं पान. मुनीमजी कपाळाला हात लावायचे, पण नियम शेठचाच होता. मला त्या दिवसांत जेवणसुद्धा गोड लागायचं.

फक्त यंत्र हळू चालायला लागलं. शनिवारी दुपारी होणारा पगार दिवेलागणीवर गेला. बाजारासाठी खोळंबलेल्या बाया दारात येऊन बसायच्या, त्यांचं मला वाईट वाटायचं. त्यांनी शेवटी शेठलाच घेरलं, आणि घाबरून शेठने पुण्याच्या साहेबांना बोलावलं.

साहेबांनी गठ्ठा चाळला, मग माझ्याकडे पाहिलं. त्यांना सगळं कळलं होतं. संक्रांत तोंडावर होती आणि त्यांच्या एका शब्दाने मी कायमची जिंतूरला घरी बसले असते. त्यांनी चष्मा पुसला आणि शेठला म्हणाले, "हे नव्याने लिहायला मला महिना लागेल. माझा दिवसाचा दर तुम्हाला माहीत आहेच. नाहीतर यांनाच विचारा."

शेठ माझ्याकडे वळला. मी सांगितलं की नव्या दरांसकट सात पानांचा प्रोग्राम माझ्याकडे तयार आहे.

"मग आधी का न्हाई दिलास?"

"दिला होता की. तुमी सत्तर रुपये दिले."

"आता काय घेणार?"

"साहेबांचा महिना. नऊ हजार."

"सात पानांचे नऊ हजार?"

"शेठजी, पानं वाढवायचे दहा रुपये. कमी करायचे नऊ हजार."

खिडकीबाहेर बाया पगारासाठी गलका करत होत्या. शेठने तिजोरी उघडली, आणि तो नोटा मोजत असताना मी टक लावून बघत बसले, एकदाही नजर खाली केली नाही. मग मी अनुभवाचा दाखला मागितला. मुनीमजींनी 'टायपिस्ट' असं लिहिलं होतं, ते मी खोडायला लावलं आणि 'प्रोग्रामर' करून घेतलं. खाली सही, वर फॅक्टरीचा शिक्का. पुण्यात नोकरी शोधायला मला तेवढंच हवं होतं.

शेठने तो कागद पुढे केला. मी लगेच घडी घातली नाही. तळहातावर ठेवला आणि त्याच्यासमोर दोनदा वरखाली केला.

"शेठजी," मी म्हणाले, "एवढंच?"