ग्रहणातली कात्री

माझी वहिनी काष्टीला घरीच ब्लाऊज शिवते. लग्नसराईत तिच्या मशीनचा आवाज गल्लीच्या तोंडापर्यंत यायचा. गेल्या उन्हाळ्यात मी नगरहून माहेरी गेले, तर मशीनवर चादर टाकलेली आणि कात्री फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवलेली. आता शिवणार नाही, म्हणाली. का, म्हटलं, तर तिनं आईकडे बघितलं.

मग आईनं सांगितलं, अगदी निकाल दिल्यासारखं. "पोटुशी बाईनं ग्रहनात काई कापू न्हाई. ही पोर पोटात असताना हिनं कापड कापलं. कुनाचा तरी लग्नाचा ब्लाऊज द्यायचा हुता म्हनं. आता निघालं ते पोरीच्या डोक्यात."

पोरगी म्हणजे वहिनीची मुलगी, माझी भाची, पहिलीतली. आधी तिचा एक डोळा तिरळा दिसायला लागला, मग चालताना तोल जायला लागला. पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, मेंदूच्या बुडाशी गाठ आहे, कापून काढता येत नाही. किरणांचा शेक देऊ, थोडे महिने मिळतील. त्या दिवसापासून वहिनीनं कात्रीला हात लावला नव्हता. आईच्या बोलण्यापेक्षा तिचं स्वतःचंच मन तिला जास्त खात होतं.

माझं डोकंच फिरलं. मी ज्युनिअर कॉलेजात जीवशास्त्र शिकवते. "वडाची साल पिंपळाला लावू नकोस," मी आईला म्हटलं. "तुज्या पुस्तकात समदं लिवलंय व्हय?" आई म्हणाली. दुर्दैव असं, की पोरीच्या आजारातलं बरंच खरोखर लिहिलेलं होतं. गाठीचा बारीक तुकडा तपासून डॉक्टरांनी ज्या प्रथिनाचं नाव सांगितलं, ते हिस्टोन मी वर्षानुवर्षं फळ्यावर लिहीत आले. पोरं जांभया देतात. परीक्षेला येतं, पाठ करा, असं मीही बेफिकीर सांगत आले.

मी वहिनीला मशीनपाशी बसवलं, चादर काढली आणि एक भरलेली बॉबिन तिच्या हातात दिली.

म्हटलं, "आपल्या प्रत्येक पेशीत असाच एक लांबलचक दोरा असतो. अंग कसं घडवायचं, ते सगळं त्या दोऱ्यावर लिहिलेलं. तो अशा बारक्या बारक्या बॉबिनींवर गुंडाळलेला असतो. त्या बॉबिनी म्हणजे हिस्टोन. जिथं घट्ट गुंडाळलाय तिथलं वाचता येत नाही, सैल असेल तिथलंच वाचलं जातं. म्हणून डोळ्याची पेशी डोळ्याचं काम करते आणि कातडीची कातडीचं. दोरा दोघींकडे सारखाच."

वहिनीनं दोऱ्याचं टोक ओढून बघितलं.

"या बॉबिनींत थोड्या निराळ्या घडणीच्याही असतात. पेशी त्या मधूनच बदलून बसवते, बहुतेक जिथलं वाचायचं असतं तिथं. पोरीच्या एका पेशीत तसली बॉबिन बनवायच्या मजकुरातच एक अक्षर चुकलं. त्या चुकीच्या बॉबिनींमुळं बाकीच्यांवरच्याही 'हे बंद ठेवा' अशा खुणा पुसल्या गेल्या. बंद राहायला हवं ते उघडं पडलं. पेशी जाणती व्हायचीच विसरली, नुसती एकीच्या दोन, दोनाच्या चार होत राहिली."

"ते कात्रीनं न्हाई झालं?"

"नाही. ग्रहणानं नाही, तुझ्या रक्तातून नाही, दादाच्याही नाही. आपोआप झालं."

"म्हंजे कुनाचीच चूक न्हाई."

"कुणाचीच नाही."

मला वाटलं, आता हिच्या जिवाला थोडं बरं वाटेल. ती बॉबिन मुठीत धरून रडायला लागली. "ताई, माजी चूक हाय म्हनून मी शनिवार धरले. शिंगनापूरला तेल घालून म्हनायची, केलं मी, मला दे काय द्यायचं ते, पोरीला सोड. आता देवाला काय म्हनू?"

मला फार वाईट वाटलं. तिच्या हातात होती नव्हती तेवढी एक गोष्ट मी काढून घेतली होती.

आई दारातच उभी होती, सगळं ऐकत. सुंभ जळला तरी पीळ जायचा नाही अशी बाई. तशीच आत निघून गेली.

औषधांनी भाचीचं अंग सुजलं होतं, जुने फ्रॉक चढत नव्हते. दादानं तयार आणलेले तिला नको होते. मला आईच्या हातचा पाहिजे, फुग्याच्या बाह्यांचा, म्हणून ती रोज रुसायची आणि वहिनी रोज मान फिरवायची. दुसऱ्या दिवशी सकाळी आईनं स्वतः माळ्यावरून कात्री काढली, फडकं सोडलं आणि वहिनीपुढं धरली.

"घे. काप." मग म्हणाली, "लांबीला वाढतं ठेव. पोरीची जात हाय, बघता बघता उंच हुती."

वहिनीनं पोरीला उशीला टेकवून माप घेतलं. पिवळं कापड एका दमात कापलं. खाली चार बोटं कापड जास्तीचं दुमडून तिनं टीप मारली.

दिवाळीच्या आधी भाची गेली. फ्रॉक वहिनीनं तिच्या अंगावरच ठेवला. खालची दुमड उसवायची वेळच आली नाही.