उकिरड्याला पहिलं बक्षीस

आमच्या नणंदबाईंना फोटोग्राफीचा नाद होता, असं आता लोक सांगतात. नाद कसला डोंबलाचा! ताई शिवणकाम करायची. लग्न केलं नाही, भावाच्या संसारात लुडबुड केली नाही. मागच्या गल्लीत एक खोली भाड्याने घेऊन पंचवीसेक वर्षं बायकांचे कपडे शिवले. शिवण अशी, की कपडा उलटा घातला तरी कुणाला कळू नये.

त्या खोलीची एकुलती एक खिडकी बोळात उघडायची आणि खिडकीखालीच उकिरडा. कोंबडीवाल्याची पिसं नि आतडी, खानावळीचं आंबलेलं, पोरांचे लंगोट, आणि वरचा थर असा की हलतोय की काय वाटावं. हलतच होता तो. अळ्या. खिडकी लावली तर जीव घुसमटायचा, उघडली तर शिवून टांगलेल्या कपड्यांत वास मुरायचा. एका बाईने नवा कोरा ड्रेस हुंगला आणि परत टेबलावर टाकला. मग एकेक गिऱ्हाईक गळायला लागलं. उकिरडा हटला नाही तर दुकान बंद, इतकं सरळ होतं.

ताईने फोटो काढून कचरा खात्याकडे तक्रार पाठवली. उत्तर आलं, फोटोत काय आहे ते समजत नाही. कसं समजणार? एका हाताने नाक दाबून, तोंड फिरवून काढलेला फोटो. अर्ध्यात भिंत, कोपऱ्यात हिचा अंगठा. पुन्हा पाठवला, पुन्हा तेच उत्तर. मी म्हटलं, "ताई, त्या मेल्यांना इथे आणून बसवा, म्हणजे समजेल." ती म्हणाली, "नाही गं वहिनी, मलाच काढता येत नाही. शिकते." आमची ताई ही अशी. जगाने शेण खाल्लं तरी आधी स्वतःचा हात हुंगून बघणार.

वाचनालयाच्या वरच्या खोलीत संध्याकाळी चित्रकला आणि फोटोग्राफीचा वर्ग चालायचा. शिकवणारे सर दाढीवाले. कॅमेऱ्याला आधी हातच लावू देत नव्हते. पुठ्ठ्याला चौकोनी भोक पाडायचं, त्यातून बघायचं आणि दिसेल ते पेन्सिलीने काढायचं. चौकटीचे आडवे-उभे तीन-तीन भाग कल्पायचे. मुख्य वस्तू मधोमध ठोकायची नाही, जिथे रेघा एकमेकींना छेदतात तिथे ठेवायची. नजरेला आत नेणारी एखादी रेघ शोधायची. नको ते बाहेर. ताईला पटकन उमगलं. कापड बेतणारीला काय ठेवायचं नि काय कापायचं हे वेगळं शिकवावं लागत नाही. घरी येऊन ती उकिरड्याचीच चित्रं काढायची, तीही आमच्या जेवणाच्या टेबलावर. माझा घास तोंडातल्या तोंडात फिरायचा.

एका सकाळी बोळात तिरपं ऊन शिरलं तेव्हा ताई अस्तराचं फडकं नाकाला बांधून गटाराच्या काठी उकिडवी बसली. गटाराची रेघ खालच्या कोपऱ्यातून आत गेलेली, एका बाजूला ढीग, त्यावर पिसं चमकतायत, मागे काळोखी भिंत. अंगावर शिंतोडे घेऊन घरी आली, भडाभडा ओकली, तोंड धुतलं आणि मग फोटो दाखवला. फोटो सुंदर होता. मी म्हटलं, "ताई, याला वास नाही हो येत." ती म्हणाली, "पण काय आहे ते समजतं ना?"

समजलं तर. खात्याचे साहेब रसिक निघाले. तक्रार राहिली बाजूला, त्यांनी फोटो खात्याच्या स्पर्धेत घातला. पहिलं बक्षीस. बारा वर्षांनी उकिरड्याचेही पांग फिटतात म्हणतात. फिटले बाई, उकिरड्याचेच फिटले. समारंभात साहेब म्हणाले, "हा कचरा आहे हे बघताना जाणवतच नाही." टाळ्या पडल्या. ताईने माईकपाशीच विचारलं, "साहेब, उचलणार कधी?" साहेब हसले, म्हणून सगळे हसले. बाई विनोदी आहे असं वाटलं त्यांना. त्या गार, सुगंधी हॉलमध्ये मला ओकारी येत होती.

तरी जनाची नाही मनाची म्हणा, एका रविवारी कचऱ्याची गाडी आली. पण त्याआधीच सर अख्खा वर्ग घेऊन बोळात हजर. बक्षिसाची जागा दाखवायला आणलेला. नाकाला रुमाल बांधून, ढुंगणं वर करून सगळे उकिरड्याभोवती. सरांनी गाडीवाल्याला हात केला, "जरा थांबा, ऊन आहे तोवर."

ताई धावत बोळात गेली. "सर, पाया पडते, उचलू द्या त्याला."

"तुम्ही तरी असं म्हणू नका," सर म्हणाले. "तुम्हाला दृष्टी आहे."

तेवढ्यात गाडीवाल्याने विडी संपवली आणि गाडी फिरवली. त्याला बाकीचे बोळ होते. मला त्या माणसांची शिसारी आली. त्यापेक्षा अळ्या परवडल्या.

गाडी काही परत आली नाही. मशीन आमच्या घरी येऊन पडलं. दुकानाचा परवाना परत करायला ताईबरोबर मी कचरा खातं होतं त्याच कार्यालयात गेले. बाकावर बसलो तर समोर तो फोटो, भिंतभर मोठा, काच लावलेला, वर खास दिवा. शिपाई स्टुलावर चढून ओल्या फडक्याने काच पुसत होता.

"रोज पुसता?" ताईने विचारलं.

"सकाळ-संध्याकाळ," तो म्हणाला. "साहेबांना घाण खपत नाही."