कच्चा टाका

मावशीचं पुस्तक लिहून झालं होतं, अडलं होतं ते पहिल्या वाक्यापाशी. म्हणजे वाक्यं होती, चांगली अकरा लिहून झाली होती, पण एकाही वाक्यावर ताई जागची हलली नव्हती.

चाळीस वर्षं मावशीनं एकाच मशीनवर लोकांचे कपडे शिवले. गुडघे बोलायला लागले तेव्हा दुकान पुतण्याच्या हवाली केलं आणि बसल्या बसल्या तीन वह्या भरल्या. कोण काय शिवायला घेऊन आलं आणि का, एवढंच. छापखानेवाला म्हणाला, "मावशी, लोक उभ्या उभ्या पहिलं वाक्य वाचतात. नाही आवडलं की पुस्तक परत फळीवर." शनिवारी वह्या त्याला द्यायच्या होत्या. पण खरं सांगायचं तर मावशीला त्या लोकांची पडलीच नव्हती. तिला ताईच्या तोंडून दोनच शब्द हवे होते. पुढे वाच.

ताई तिची थोरली बहीण. मावशीला सुई धरायला तिनंच शिकवलं. आता तिला दिसत नाही, खिडकीजवळच्या खाटेवर असते. आणि उभ्या जन्मात मावशीच्या कामाला "बरंय"च्या वर तिनं काही म्हटलेलं नाही.

शुक्रवारी दुपारी मावशी दोन कप चहा घेऊन खाटेशी बसली. घसा खाकरला.

"काळाच्या अथांग वस्त्रावर माणूस म्हणजे एक इवलासा टाका."

ताईनं चहावर फुंकर घातली. "कुणी लिहिलंय हे?"

"मी."

"तू असं बोलतेस कधी?"

"पुस्तकात असंच बोलतात."

"मग मी पडते जरा."

मावशीचे डोळे भरून आले. ताईला ते दिसणार नव्हतं, पण नाक ओढलेलं बरोबर ऐकू गेलं.

"मुसमुसू नकोस. ते वाक्य काढलं तर खालचं काही उसवतंय का बघ."

मावशीनं वाक्य तळहातानं झाकलं आणि खालचं मनात वाचलं. काहीच उसवत नव्हतं.

"नाही गं."

"मग तो कच्चा टाका. शिवताना कापड हलू नये म्हणून घातलेला. आता पक्की शिलाई झाली ना? गिऱ्हाइकाला कच्च्या दोऱ्यासकट कपडा दिलायस कधी?"

नव्हता दिला. एकदाही नाही. मावशीनं वाक्यावर रेघ ओढली आणि त्याच्या खालच्या वाक्यापासून वाचायला लागली.

"लग्नाच्या आदल्या दिवशी नवरामुलगा दुकानात आला, कोट टेबलावर ठेवला आणि म्हणाला, हा माझ्या धाकट्या भावाच्या मापाचा करून द्या."

कप ताईच्या ओठांशीच थांबला.

"हे मला कधी बोलली नाहीस."

"तूच शिकवलंस ना, गिऱ्हाइकाचं दुकानाबाहेर न्यायचं नाही म्हणून."

"आणि आता छापायला निघालीस."

"नावं नाही घातली कुणाची."

ताईनं चाचपडत कप खाली ठेवला. "भाऊ अंगानं कसा होता?"

"हडकुळा. खांद्यात दोन बोटं आत घ्यावी लागली."

"आणि मुलगी? तिला माहीत होतं?"

"ती तिसऱ्या पानावर येते."

"मग थांबलीस कशाला," ताई सरसावून बसत म्हणाली. "पुढे वाच."

आणि मावशीला नेमका तेव्हाच चष्मा पुसायला लागला.