लपवलेला कॉन्चेर्टो

नर्सने मला वॉर्डच्या दारातच थांबवलं. म्हणाली, तुमच्या मुलाने सांगितलंय, आईला आत सोडू नका. हातात वरणभाताचा डबा होता. तो तिने आत नेला, मला नाही नेलं.

मुलगा व्हायोलिन वाजवायचा, त्यावरच पोट भरायचा. आजाराच्या आदल्या वर्षी तो एक जुना जर्मन कॉन्चेर्टो बसवत होता. एक व्हायोलिन आणि मागे सगळा ऑर्केस्ट्रा. मी पोळ्या लाटत असताना त्याने त्या कॉन्चेर्टोची हकिगत सांगितली. तो लिहिणाऱ्याला कानात आवाज यायचे. लिहून झाल्यावर काही महिन्यांत त्याने नदीत उडी घेतली. लोकांनी बाहेर काढलं, मग वेड्यांच्या इस्पितळात गेला आणि तिथेच वारला. ज्या मित्राने तो वाजवायचा होता तो आणि लिहिणाऱ्याची बायको, दोघांनी ठरवलं की यात आजार दिसतो, हे बाहेर काढायचं नाही. ऐंशी वर्षं कुणी ऐकला नाही.

"आई, तू तिच्या जागी असतीस तर?"

"मीही लपवला असता," मी म्हटलं. "घरातलं घरात."

"वाटलंच," म्हणाला, आणि पोळी उचलून गेला. त्याला तेव्हाच आवाज येत होते, हे मला पुढे डॉक्टरांकडून कळलं.

तो हॉस्पिटलात गेला तेव्हा मुलीचं लग्न ठरत होतं. स्थळ लंडनजवळच्या रीडिंगचं, आपल्यातलंच. गणपतीला वेम्बलीच्या हॉलमध्ये बायकांनी विचारलं, चिरंजीव कुठे? मी मोदक वाढता वाढता सांगितलं, ऑर्केस्ट्राबरोबर जपानला गेलाय. अडखळलेसुद्धा नाही. त्यातल्या एकीने हौसेने त्याला फोनवर अभिनंदन पाठवलं. ते त्याने वॉर्डात वाचलं. दुसऱ्याच दिवशी मी डबा घेऊन गेले.

नंतर रोज जायचे, हाउन्सलोहून दोन बस बदलून. डबा रिकामा परत यायचा, तेवढ्यावर मनाची समजूत घालायचे. मग मुलीने सांगून टाकलं, तो डबा शेजारच्या पेशंटला देतो.

जानेवारीत न्यूमोनिया झाला. दुसऱ्या वॉर्डात हलवलं, तिथेही त्याने मला नाहीच म्हटलं. चार दिवसांत गेला. जवळ बहीण होती. मी बाहेर खुर्चीवर.

होणाऱ्या जावयाला सगळं पहिल्यापासून माहीत होतं. मुलीनेच सांगितलं होतं. त्याच्या घरी कुणाला काही वाटलं नव्हतं.

लग्न झालं. नवरा माझा कधीच गेलेला, आता मुलगाही गेला. मुलगी आहे, मी आहे.