एन्झाइम मारणारे आमचे खोलीसोबती

आमच्या खोलीसोबत्यांनी ज्याला एन्झाइम समजावून सांगितलं नाही, असं एकही माणूस त्या काळी जळगावात उरलं नव्हतं. मी कॉलेजात मराठी शिकवायचो, ते रसायनशास्त्र. अर्ध्या झालेल्या दाढीनिशी न्हाव्याचा हात धरून ते सांगत, "एन्झाइम म्हणजे शरीरातला कारागीर. अमिनो आम्ल आलं की त्यातला हायड्रोजन काढायचा, पुढचं काम उरकायचं आणि त्याला सोडून द्यायचं. पण एका अमिनो आम्लाच्या शेपटाला तिहेरी बंध असतो. कारागिरानं नेहमीसारखा हायड्रोजन काढला की तो बंध सरकतो, आणि आम्ल कारागिरालाच कायमचं चिकटतं." न्हावी हात सुटायची वाट बघत उभा राही. प्रयोगशाळेतले वयस्कर शिपाई नाना मात्र शांतपणे म्हणाले, "म्हंजे सर, तो सोताच सोताले मारस." सरांनी ते वाक्य आठवडाभर वर्गात शिकवलं.

ते आम्ल बनवणाऱ्या परदेशातल्या एका शास्त्रज्ञाला त्यांनी पत्र लिहिलं, तर त्या भल्या माणसानं त्याची चिमूटभर पांढरी पूड खरोखरच पाठवली. एन्झाइम मात्र बकऱ्याच्या कलेजीतून काढायचं होतं, आणि आमचे घरमालक शेठजी कांदासुद्धा न खाणारे जैन. त्यामुळे कलेजी बर्फासकट थर्मासमधून आमच्या खोलीखालच्या त्यांच्या दुकानासमोरून जाई आणि कोणी विचारलंच तर मी "चहा" म्हणायचं, असं ठरलं होतं. पहिला प्रयोग भर मे महिन्यात झाला. पूड घातलेल्या नळीतलं एन्झाइम मेलं, न घातलेल्या नळीतलंही मेलं. "आपल्या आधी उन्हानंच मारलं," सर म्हणाले आणि आठ महिने थांबले.

जानेवारीत जमलं. पूड घातलेलं एन्झाइम कितीही धुतलं तरी पुन्हा कामाला लागेना. दुसऱ्या नळीतलं निमूट राबत होतं. आनंदाच्या भरात सर थेट शेठजींच्या दुकानात शिरले आणि सगळं सांगून बसले, कलेजीसकट. मी मनातल्या मनात वळकटी बांधायला घेतली.

शेठजींनी हिशेबाची वही मिटली. मग म्हणाले, "बकऱ्याचा जीव गेल्यावरही ते काम करत होतं?"

"हो."

"आणि तुम्ही ते थांबवलंत."

सरांचा चेहरा उतरला. "हो," ते हळूच म्हणाले.

"खोलीत राहा. थर्मास कॉलेजात ठेवा."

जिना चढताना मी विचारलं, "आता छापणार ना हे?"

"छापलंय की. त्या शास्त्रज्ञानं केव्हाच."

"मग आठ महिने थांबलात कशासाठी?"

"बघायचं होतं," ते म्हणाले आणि हात धुवायला गेले.

पुढे ते धुळ्याच्या कॉलेजात गेले. मी जन्मभर दुसऱ्यांच्या कविता शिकवल्या. नुसतं एकदा स्वतः बघावं म्हणून मी कधी कशासाठी आठ महिने थांबलो होतो का, ते अजून आठवून पाहतो.