उभं राहा

दुष्काळाच्या वर्षी आमच्या शाळेत पाण्याआधी परिपत्रकं यायची. पारनेरहून येणारी एसटी दिवसातून एकदा टपाल टाकून जायची आणि मोठे गुरुजी ते न उघडता माझ्याकडे सरकवायचे. शाळा दोनशिक्षकी. मोठे गुरुजी म्हणजे मुख्याध्यापक. त्यांच्याकडे पहिली-दुसरी आणि चहा, माझ्याकडे तिसरी-चौथी आणि उरलेलं सगळं.

त्यात एकदा जिल्हा परिषदेचं परिपत्रक आलं. शाळेत जातिभेद, छळ व चिडवाचिडवी यांस प्रतिबंध करण्यात यावा आणि भेदभाव होत असलेल्या विद्यार्थ्यांची संख्या सोबतच्या तक्त्यात आठ दिवसांत कळवावी. प्रतिबंध कसा करायचा याबद्दल एक ओळ नाही. तक्ता मात्र तीन प्रतींत.

"शून्य टाका आणि पाठवा," मोठे गुरुजी म्हणाले.

मी ट्रेनिंग कॉलेजातून दीडच वर्षापूर्वी आलेला. शून्य टाकणं मला अप्रामाणिक वाटलं. त्या दिवशी मी थोडा अप्रामाणिक असतो तर एका मुलीचे आठ दिवस वाचले असते.

मी चौथीच्या वर्गासमोर उभा राहिलो आणि पूर्ण शुद्धीत म्हणालो, "ज्यांच्याशी भेदभाव होतो त्यांनी उभं राहा."

कोणी हललं नाही. मागून एकाने विचारलं, "गुरुजी, भेदभाव किती मार्काला हाय?"

इथे तरी थांबावं की नाही. पण मला संख्या हवी होती. मी प्रश्न सोपा केला. "ज्यांना सरकारी पाट्या-पुस्तकं मिळतात त्यांनी उभं राहा." गावाबाहेरच्या वस्तीतली चार मुलं लगेच उठली. दर जूनमध्ये हेच वाक्य ऐकून उठायची त्यांना सवय होती. वस्तीतलीच पाचवी, एक मुलगी, पाटीवरचा भागाकार करत बसून राहिली. वर्गात गणित तिच्याइतकं कोणाला येत नव्हतं, मला धरून. तिला मी चौथीच्या स्कॉलरशिपला बसवणार होतो.

"तू गं? तूही त्यातलीच ना?" मी म्हणालो.

ती उठली. मी तक्त्यात पाच लिहिले, अक्षरी आणि आकडी.

दुसऱ्या दिवसापासून वर्गात तिचं नाव 'उभी' पडलं. "ए उभे, बस की खाली." "उभी आली, उभी आली." मी छड्या मारल्या तर चिडवणं शाळेच्या आवारातून रस्त्यावर गेलं. तिसऱ्या दिवशी तिची जागा रिकामी दिसली. स्कॉलरशिपची परीक्षा तीन आठवड्यांवर. छळाला प्रतिबंध करणाऱ्या परिपत्रकाची इतकी कडक अंमलबजावणी जिल्ह्यात दुसऱ्या कोणी केली नसेल.

मी वस्तीवर गेलो. तिची आई दुष्काळी कामावर खडी फोडून नुकतीच आली होती. पोरगीही आईबरोबर खडीवर जायला लागली होती.

"चार सालं गप बसून शिकत हुती, गुरुजी," आई म्हणाली. "कुनाच्या अध्यात न्हाई, मध्यात न्हाई. तुमी उभी केली अन् सगळ्यांना दिसली."

मी परिपत्रक समजावून सांगू लागलो. आई ऐकत होती की तिला झोप येत होती कोण जाणे. मुलगी मधेच म्हणाली, "आकडा लिवला तुमी. वगराळं कुनाच्या हातात हाय?"

वगराळं म्हणजे ओगराळं, शाळेच्या रांजणातून पाणी काढायचा लांब दांड्याचा डाव. बाकीची पोरं ते आपल्या हाताने बुडवून पाणी घ्यायची. वस्तीतल्या पाचांना मात्र एक बागायतदाराचा मुलगा ओंजळीत वरून ओतायचा. मी दीड वर्ष त्या रांजणाशेजारी बसून हजेरी मांडत होतो. तक्ता भरतानाही तिथेच बसलो होतो. मला वाटायचं, तो मुलगा मदत करतो.

"येशील का उद्या?" मी विचारलं.

"परत उभं करनार न्हाई ना?"

"नाही. कोणी सांगितलं तरी उठू नकोस."

"अन् वगराळं?"

ती आली, आणि मी पाणी वाढायच्या आठवड्याच्या पाळ्या लावल्या. सगळ्यांनी पेल्यानेच प्यायचं, वाढणारा एकच. पहिली पाळी तिची. दोन दिवस निम्मी शाळा मधल्या सुट्टीत घरी पळाली. तिसऱ्या दिवशी हुतूतू झाल्यावर घर लांब वाटू लागलं. मोठे गुरुजी म्हणाले, "अहो, तुम्हाला अहवाल लिहायला सांगितला होता. पाणी कोणी वाढायला सांगितलं?"

आणि त्याच आठवड्यात दिपोटी आले. म्हणजे तालुक्याचे शाळा तपासणारे साहेब. सबंध तालुक्याच्या अहवालांत शून्य नसलेला तक्ता एकच होता, त्यामुळे चौकशी लागली होती.

"ते पाच विद्यार्थी कोणते? उभे करा."

मी मुलीकडे पाहिलं. ती माझ्याकडेच पाहत होती. माझं डोकं एरवी चालत नाही, त्या दिवशी तर पळालंच. मी म्हणालो, "सगळ्यांनी उभं राहा."

सगळा वर्ग उठला. बागायतदाराचा मुलगाही. ती एकटी बसून राहिली. मीच तसं सांगितलं होतं.

"अहो, इथे आकडा पाच आहे," साहेब म्हणाले. "आणि ही का बसली?"

"साहेब, तिला मी सांगितलंय."

"काय सांगितलंय?"

याचं उत्तर कुठल्याच रकान्यात बसत नव्हतं. साहेबांनी टोपी काढली, घाम पुसला आणि पाणी मागितलं.

पाळी तिची होती. तेव्हा ती उठली. ओगराळ्याने पेला भरून तिने साहेबांपुढे धरला. साहेबांनी आधी पेल्याकडे पाहिलं, मग हातातल्या तक्त्याकडे, मग माझ्याकडे. बाहेर ऊन मरणाचं, परतीच्या एसटीला तीन तास. ते प्यायले. दुसरा पेला मागितला, तोही प्यायले.

जाताना शेरेबुकात लिहून गेले: 'एक विद्यार्थिनी अधिकाऱ्यांसमोर बसून राहते. शिक्षकाचे शिस्तीकडे लक्ष नाही.' मोठ्या गुरुजींनी तो शेरा मला दोनदा वाचून दाखवला. "शून्य टाका म्हणालो होतो," ते म्हणाले.

स्कॉलरशिपच्या परीक्षेला मी तिला घेऊन पारनेरला गेलो. एसटीत बसायला जागा एकच होती. मी उभा राहिलो.